संशोधक विद्यार्थ्यांचीं लेखन-मंडळें

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेंत सोबतीची वाण नसते. कोणी उपकरण जुळवून देतो, कोणी रात्रीं प्रयोगावर लक्ष ठेवतो. प्रबंध लिहावयाचा म्हटला कीं मात्र तो एकटा पडतो. अर्धवट मजकूर मार्गदर्शकांना दाखविण्याचा त्याला संकोच वाटतो, आणि त्या संकोचांत महिनेच्या महिने निघून जातात. टिपणवह्या भरलेल्या व प्रबंध कोरा, अशा स्थितींत पदवीवर पाणी सोडणारेहि कांहीं असतात.

ही कोंडी फोडण्यासाठीं अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थी आपलीं मंडळें चालवितात. चारपांच जण ठरल्या दिवशीं जमतात व एकमेकांचीं पानें वाचून त्यांवर बोलतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सिल्व्हिया यांनीं २००७ सालच्या आपल्या पुस्तकांत सांगितलेली रीत याहूनहि साधी आहे. पुढल्या बैठकीपर्यंत काय लिहिणार, तें प्रत्येकानें नेमकें सांगावें, तें नोंदून ठेवावें, आणि पुढल्या खेपेस ती नोंद उघडावी. 'बरेंच लिहीन' हा संकल्प तेथें चालत नाहीं. अध्यापकांचीं व विद्यार्थ्यांचीं मंडळें वेगळीं असावींत, असेंहि ते सुचवितात, आणि तें शहाणपणाचें आहे. गुरुजी समोर बसले असतां मोकळेपणानें कोण चुकेल?

त्यापूर्वीं १९७३ मध्यें पीटर एल्बो यांनीं शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना मांडली होती. तींत वाचणारानें न्यायाधीश व्हावयाचें नसतें. वाचतांना आपल्या मनांत काय घडलें, तेवढें सांगावयाचें असतें. विज्ञानांत याचा उपयोग मोठा. समजा, रसायनाच्या विद्यार्थ्यानें लिहिलें, 'तापमान वाढवितांच क्रिया थांबली.' त्याच्या सहकाऱ्यांना त्यांत कांहीं खटकणार नाहीं. भूशास्त्राचा मित्र विचारतो, 'थांबली, कीं मोजतां येईनाशी झाली?' विद्यार्थी वही काढतो, तों उपकरणाची मर्यादाच तेवढी होती असें दिसतें. दोष भाषेचा वाटला, तो निष्कर्षाचा निघाला!

भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वीं शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. प्रबंध मात्र लिहावाच लागतो, आणि विज्ञानांत तो बहुधा इंग्रजींत. मराठी विद्यार्थ्यांनीं मजकूर इंग्रजींत ठेवून त्याची चर्चा मराठींत केली, तर मंडळाचें कांहीं बिघडणार नाहीं.

गणितांतील चूक परक्या विषयाच्या मित्राला सहसा दिसत नाहीं. तेथें मार्गदर्शकच हवेत. आणि अप्रकाशित निष्कर्ष मंडळाबाहेर न नेण्याचें वचन पहिल्याच बैठकींत घ्यावें लागतें.