लोखंडी हाताचा सरदार

जर्मनीतील ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन हा एक लढवय्या सरदार. १५०४ साली लांड्सहूटच्या लढाईत तोफेने त्याचा उजवा हात तुटला. त्याने लोखंडी हात करून घेतला. त्याची बोटेही वाकत.

१५२५ साली वेठबिगारी व करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड पुकारून त्याला पुढारी केले. महिन्याभरातच तो त्यांना सोडून गेला. बंड चिरडले गेले. हजारो शेतकरी मारले गेले.

म्हातारपणी ग्योट्झने आत्मचरित्र लिहवून घेतले. शेतकऱ्यांनी आपल्याला जबरदस्तीने पुढारी केले, असे त्यात तो सांगतो. १५६२ साली तो वारला. त्याच्यामागून गेलेल्या शेतकऱ्यांना मात्र त्यांची हकिगत कोणी विचारली नाही.

आपले पूर्वजही कोकणातून उसाच्या मळ्यांत आलेले कष्टकरीच. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी आपण आजच लिहून घेऊ या.