अंगणवाडीतून पहिलीच्या वर्गाकडे

विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. त्या पहिल्या दिवशी इयत्ता पहिलीच्या वर्गात जे दृश्य दिसते, ते प्रत्येक खेडेगावच्या शिक्षकाच्या परिचयाचे आहे. एक मूल दाराची चौकट घट्ट धरून उभे असते. दुसरे आईच्या पदराआडून पाहते. तिसरे रडत नाही, भांडत नाही, नुसते गप्प बसते. रडणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. गप्प बसलेले मूल मात्र शहाणे समजले जाते, आणि पुष्कळदा ते तिसऱ्या इयत्तेत गेल्यावर असे आढळून येते की, त्याला वाचता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे खालच्या वर्गात मुलास मागे ठेवले जात नाही. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे मुलाची अडचण परीक्षेत उघडकीस येईल या भरवशावर शिक्षकास बसता येत नाही. ती पहिल्या काही आठवड्यांतच ओळखावी लागते, आणि त्या कामी अंगणवाडीइतके दुसरे साधन गावात नाही.

अंगणवाडीने मुलास शाळेसाठी तयार करावे, असे सर्वच म्हणतात. तयार करावे म्हणजे काय करावे, याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. मुळाक्षरे व शंभरपर्यंतचे अंक पाठ झाले म्हणजे मूल तयार झाले, अशी पालकांची समजूत असते; कित्येक शिक्षकांचीही असते. शेजारच्या गावातील इंग्रजी नावाच्या शाळेत साडेतीन वर्षांचे मूल वही भरून अक्षरे गिरविते, हे पाहून अंगणवाडी सेविकेवरही तसेच करण्याचे दडपण येते. पहिलीचा अभ्यासक्रम दोन वर्षे अगोदर उरकणे, ही पूर्वतयारी नव्हे. ती घाई होय.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘बालकांची बाग’ या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. आपल्याकडील ‘बालवाडी’ हा शब्दही त्याच भावनेचा आहे. परंतु महाराष्ट्रातील खेड्यांच्या दृष्टीने खरे काम ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी केले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीची विकतची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, बिया, काड्या, पाने व माती ही साधने झाली. वस्तीतील दलित मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ या अंगणात आहे. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर तीस वर्षांनी, म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथे जो अनुभव आला तो नागपूर जिल्ह्यातील शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मोठी मुले शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असत. यास्तव पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच आवारात एकत्र चालविण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आपल्याकडे काटोल-नरखेडच्या बाजूस कापूस वेचणीच्या दिवसांत आणि रामटेक-मौद्याकडे धानाच्या रोवणीत हीच अडचण येते. आठ-नऊ वर्षांची मुलगी हजेरीतून नाहीशी झाली, तर शिक्षकाने प्रथम तिच्या घरचे सर्वांत धाकटे मूल अंगणवाडीत येते किंवा नाही, हे पाहावे. अंगणवाडी केवळ लहान मुलास शाळेसाठी तयार करीत नाही, ती मोठ्या बहिणीस शाळेत ठेवते.

आता तयारी म्हणजे नेमके काय, ते पाहू. प्रथम हात. पेन्सिल मुठीत धरणारे मूल लिहू शकत नाही, आणि त्याला गिरविण्यास लावल्याने चिमूट तयार होत नाही. ती तयार होते तूर व चिंचोके निवडताना, मातीचे गोळे वळताना, पानांची तोरणे ओवताना. तान्ह्या पोळ्याच्या वेळी मुलांनी मातीचा किंवा भेंडीच्या तुकड्यांचा बैल करावा. त्याची शिंगे लावताना बोटांना जो व्यायाम घडतो, तो चार पाने रेघोट्या ओढून घडत नाही.

कानाची तयारी याहून दुर्लक्षित आहे. वाचन डोळ्यांनी होते असे आपण मानतो, परंतु शब्दातील ध्वनी सुटा ऐकू येऊ लागल्याशिवाय अक्षराचे चिन्ह निरर्थक असते. ‘चिमणी’ या शब्दाला तीन टाळ्या पडतात, ‘चि’ने सुरू होणारे आणखी शब्द कोणते, असे खेळ अंगणवाडीत झालेल्या मुलास पहिलीत ‘च’ शिकविणे सोपे जाते. भुलाबाईची गाणी ज्या गावात अजून म्हटली जातात, तेथे यमकाचे शिक्षण सेविकेला वेगळे द्यावेच लागत नाही.

भाषेचा प्रश्न यालाच लागून आहे. घरी मूल ‘वावर’ म्हणते, पुस्तकात ‘शेत’ असते. घरी ‘आलू’ व ‘जांब’, पुस्तकात ‘बटाटा’ व ‘पेरू’. घरचा ‘गंज’ शाळेत ‘पातेले’ होतो. देवलापारकडील गोंडी बोलणाऱ्या मुलास तर पाण्यासाठी ‘येर’ हाच शब्द ठाऊक असतो. अशा मुलास पहिल्याच दिवशी ‘असे बोलू नये’ म्हटले की ते बोलणेच सोडते. वर वर्णिलेले गप्प मूल पुष्कळदा येथेच जन्मास येते. गावातील सेविकेस बहुधा ही बोली येते. शिक्षक परगावचा असल्यास त्याने तिच्याकडून पंचवीस-तीस शब्द लिहून घ्यावेत आणि मुलाचा शब्द आधी, पुस्तकातील शब्द मागाहून, अशा क्रमाने बोलावे.

गणिताविषयी थोडकेच. शंभरपर्यंत अंक म्हणणाऱ्या मुलापुढे सहा चिंचोके जवळजवळ व तितकेच दूरदूर मांडावेत. ‘कोणत्या ओळीत जास्त?’ असे विचारताच ते लांब ओळीकडे बोट दाखवील. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली ही गोष्ट कोणत्याही अंगणवाडीत पडताळता येते. खाऊच्या वेळी प्रत्येकापुढे एकेक वाटी ठेवणे, संत्र्याच्या फोडी सारख्या वाटणे, यांतून संख्येची जाण येते.

शिवाय घरापासून काही तास दूर राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, शौचास जायचे असल्यास न लाजता सांगणे, या गोष्टी अंगणवाडी शिकविते. पहिलीतील कित्येक मुलांची अनुपस्थिती केवळ या शेवटच्या गोष्टीमुळे असते.

कोरोनाच्या साथीत अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या तेव्हा या साऱ्याची किंमत कळून आली. त्यानंतर २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान घेण्यात आले. शाळेत मेळावा भरवून मुलांच्या कृती पाहावयाच्या आणि मातांचे गट करून घरीच खेळ घ्यावयाचे, अशी त्याची योजना होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षे पूर्वप्राथमिक व पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांचा खेळावर आधारलेला ‘विद्याप्रवेश’ कार्यक्रम आला. परंतु मेळाव्याचे तोरण उतरले की दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर अक्षरे आणि ‘उतरवून घ्या’ हा हुकूम, असे होऊ नये. त्या तीन महिन्यांत अभ्यास मागे पडतो ही भीती अनाठायी आहे.

वस्तुतः अनेक गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात असते. खाती मात्र दोन: एक महिला व बालविकासाचे, दुसरे शिक्षणाचे. दोहोंमध्ये दहा पावलांचे अंतर असून पहिलीच्या शिक्षकाने वर्षभरात अंगणवाडीत पाऊल टाकलेले नसते. सेविकेकडे वजने घेणे, आहार, लसीकरणाच्या दिवशी मदत आणि नोंदींचा मोठा भार आहे. तिने येऊन माहिती द्यावी अशी अपेक्षा करण्यापेक्षा शिक्षकानेच फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन वेळा जाऊन मुलांमध्ये बसावे, एखादी गोष्ट सांगावी. जूनमध्ये निदान एक चेहरा ओळखीचा असला की दाराची चौकट लवकर सुटते. पहिला आठवडा सेविकेने रोज अर्धा तास पहिलीत येऊन बसणे जमले, तर उत्तमच.

तिच्याकडून प्रत्येक मुलाविषयी तीन-चार गोष्टी टिपून घ्याव्यात. मूल कोणाजवळ बसते? कोणत्या खेळात रमते? आजारी किती वेळा असते? कान वाहतो काय? मागून हाक मारली असता वळते काय? ऐकू कमी येणारे मूल मंद समजले जाते, ही नित्याची चूक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. संशय असलेल्या मुलाचे नाव त्या दिवशी स्वतः पुढे करावे आणि तोवर त्याला पहिल्या रांगेत बसवावे.

आणखी एक नोंद क्षुल्लक वाटते, पण ती सर्वांत आधी लागते. हजेरीपुस्तकातील नाव पुष्कळ मुलांनी घरी कधी ऐकलेलेच नसते. दाखल्यावर एक नाव, घरी बाल्या किंवा चिंगी. शिक्षक नाव पुकारतो, मूल उत्तर देत नाही, आणि त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली जाते. घरी हाक मारण्याचे नाव सेविकेस ठाऊक असते. ते हजेरीपुस्तकात मूळ नावाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि पहिले काही दिवस दोन्ही नावांनी हाक मारावी.