टीकेतून उभे राहिलेले शहर

हिंजवडीच्या आयटी पार्कमधील काचेच्या इमारती पाहिल्या की आपल्या तोंडून कौतुकच निघते. तेथे गाळा किंवा सदनिका घेताना आपण दर, वाहनतळ, भाड्याचे उत्पन्न यांची कसोशीने चौकशी करतो. पश्चिमेच्या काचेवर वैशाखातले ऊन दुपारभर तापले तर विजेचे बिल किती येईल, पावसाचे पाणी कोठून वाहून जाईल, हे मात्र विचारीत नाही. विचारणारा टीकाखोर ठरतो. वस्तुतः जैन वाङ्मयात ‘टीका’ हा शब्द इतका हलका नाही. आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही ‘षट्खंडागमा’वरील टीकाच होय, आणि तिची थोरवी स्वतंत्र ग्रंथाची आहे.

वास्तुकलेतही अशी टीका घडली आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी त्यातील दोष दाखविला: कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरे उत्तरेला, म्हणजे गर्दी वाढतच जाणार. पण दोष दाखवून ते थांबले नाहीत. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा पर्याय त्यांनी नकाशांसह मांडला. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकाने १९६५ मध्ये तो छापला. शासनाने तो स्वीकारला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. मंत्रालय मात्र मुंबईतच राहिले, ही त्या योजनेतील मोठी उणीव. तरीही वाशीच्या बाजार समितीत आज ज्यांची पेढी आहे, त्यांच्या गाळ्याचे मूळ एका टीकालेखात आहे.

कोरियांची दृष्टी पुण्यातही पाहावयास मिळते. विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ त्यांनीच रचली. काळ्या पाषाणाच्या भिंती, मधोमध पायऱ्यापायऱ्यांचा कुंड, वर मोकळे आकाश. वाड्याचा चौक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तेथे परके वाटत नाही. हिंजवडीहून येऊन एकदा तेथे घटकाभर बसावे.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याच्या मसुद्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. आरक्षण आपल्या सातबाऱ्यावर पडले तरच आपण हरकत नोंदवितो. ओढा बुजविला जातो तेथे आपला सातबारा नसतो. पाणी मात्र आपल्याच गाळ्यात शिरते. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या ओढ्याची रेघ नकाशावर काढून अर्जाला जोडता येईल.