टायरचे दुसरे आयुष्य

विमान धावपट्टीला टेकते त्या क्षणी चाकांखालून निळसर धूर उठतो. ते प्रचंड ओझे ज्या टायरांवर उतरते, त्यांपैकी पुष्कळांवरचे रबर दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्या-चौथ्यांदाही चढविलेले असते, हे आत बसलेल्या उतारूला बहुधा ठाऊक नसते. तोच उतारू स्वतःच्या मोटारीसाठी मात्र 'रिमोल्ड' टायर नको म्हणतो.

टायर झिजतो म्हणजे काय झिजते? रस्त्याला लागणारा नक्षीदार थर तेवढा. आतील सांगाडा पुष्कळदा शाबूत राहतो, आणि मालाचा व किमतीचा मोठा भाग त्यातच गुंतलेला असतो. कारखान्यात प्रथम तो कसून तपासतात. चीर, फुगवटा वा उघडी पडलेली तार दिसली की तो बाद. उरलेल्यांचा जुना थर यंत्रावर खरवडतात, खळगे भरतात, नवा पट्टा बसवितात आणि उष्णता व दाब देऊन तो एकजीव करतात. नव्या ट्रक-टायरास जेवढे खनिज तेल लागते, त्याच्या सुमारे एक तृतीयांशात हे काम भागते. महामार्गावरील रबराच्या चिंध्या पाहून लोक रिमोल्डला नावे ठेवतात. परंतु कमी हवा आणि अतिभार यांमुळे तापलेला नवा टायरही तसाच फाटतो.

खरी अडचण निराळीच आहे. एरवी माल कारखान्याकडून गिऱ्हाइकाकडे जातो. येथे कच्चा माल म्हणजे गिऱ्हाइकाने वापरून झालेली वस्तू, आणि ती केव्हा, किती व कोणत्या अवस्थेत परत येईल याचा नेम नाही. महाराष्ट्रातील एस.टी.ला ही चिंता कमी; गाड्या तिच्या, टायर तिचे आणि रबर चढविण्याचे कारखानेही तिचेच. टायर फिरून आगारातच येतो व वेळीच उतरविता येतो. एकट्या मोटारवाल्याचा टायर मात्र पुरता गोटा होईपर्यंत पळतो आणि मग भंगारात जातो.

त्यात स्वस्त टायरांनी नवा पेच घातला. त्यांपैकी अनेकांचा सांगाडा दुसरा थर पेलण्याजोगा नसतो. शिवाय नवाच इतका स्वस्त मिळाल्यावर जुन्याला कोण विचारतो? २०१८ साली युरोपीय संघाने चिनी ट्रक-टायरांवर जादा जकात बसविली, तेव्हा तेथील रिमोल्ड-उद्योगाला बसलेला फटका हे तिचे एक कारण होते.

निसर्गाची काळजी वाहणारा ग्राहक टायर टाकताना हळहळतो; पण त्याचे भवितव्य बव्हंशी विकत घेतानाच ठरून गेलेले असते. सांगाडा किती वेळा रबर घेईल, हा प्रश्न दुकानात क्वचितच कोणी विचारतो. मोठे मालवाहतूकदार तो विचारतात. काही विमान कंपन्या तर टायर विकतच घेत नाहीत; विमान जितक्या वेळा उतरेल तितके भाडे त्या बनविणाऱ्याला देतात. टायर बनविणाऱ्याचाच राहतो, त्याच्याकडेच परत जातो, आणि सांगाडा जितका टिकाऊ तितकी त्याची कमाई वाढते.