विस्थापितांचे मनोविकार : कामाची क्षमता आणि आयुर्मान

पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या बंगाली निर्वासितांपैकी काही कुटुंबांना जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात कागजनगरच्या परिसरात, तर काहींना तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागात वसविण्यात आले. त्यामुळे बेला येथील वा पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील वाचकांस निर्वासितांचा प्रश्न परका नाही. याच प्रश्नाच्या उकलीसाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प हाती घेण्यात आला होता. पाणथळ मुलखात भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला येथे जंगलाकाठची कोरडवाहू जमीन आली. १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो कुटुंबे बंगालकडे परत निघाली, यावरून जमीन मिळाली म्हणजे मन रुजले असे होत नाही, हे ध्यानात यावे.

पुनर्वसनाच्या हिशेबात घर, बैल व कर्ज यांची नोंद होते. मनाच्या आजाराचा रकाना त्यात क्वचितच असतो. वस्तुतः युद्ध व संघर्ष यांची झळ लागलेल्या लोकांत पाचांपैकी सुमारे एकाला कोणता ना कोणता मनोविकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. उदासीनता, सततची धास्ती, पाहिलेल्या अत्याचारांचे पुनःपुन्हा होणारे स्मरण ही त्याची नेहमीची रूपे होत.

या आजाराचा पहिला घाला कामावर पडतो. रोगी धडधाकट दिसतो; परंतु त्यास रात्री झोप नसते, सकाळी उठवत नाही, पेरणीचा दिवस ठरविता येत नाही, चार माणसांत उभे राहवत नाही. घरचे त्यास आळशी म्हणतात आणि मजुरी देणारा दुसऱ्या दिवशी बोलावीत नाही. निर्वासिताच्या बाबतीत हे अधिक जाचक ठरते, कारण हाक मारावी असे भाऊबंद मागे राहिलेले असतात आणि नव्या मुलखाची भाषाही येत नसते. मिळकत थांबली की आजार बळावतो व आजार बळावला की मिळकत थांबते.

दुसरा घाला आयुष्यावर पडतो. गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी असते. याचे कारण केवळ आत्महत्या हे नव्हे. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींच्या अभ्यासात तर निर्वासितांमधील आत्महत्येचे प्रमाण तेथील मूळ रहिवाशांपेक्षा कमी आढळले. मनोरुग्णांचे पुष्कळसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह व संसर्गजन्य रोगांनी होतात. तंबाखूचे व्यसन, अपुरे अन्न, काही औषधांनी वाढणारे वजन आणि ‘याचे सगळे मनाचेच’ म्हणून शारीरिक तक्रारीकडे होणारे दुर्लक्ष, अशी ही कारणपरंपरा आहे. म्हणूनच मनोरुग्णाचा रक्तदाब व रक्तातील साखर नियमित तपासणे हा उपचाराचाच भाग मानावयास हवा.

मानसिक आजारामुळे येणारी अक्षमता ही दिव्यांगताच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश असून, वैद्यकीय मंडळ तिची टक्केवारी ठरविताना स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहते. चाळीस टक्के वा अधिक अक्षमता असल्यास राखीव लाभांसाठी पात्रता येते. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी असा अर्ज ‘हातपाय शाबूत आहेत’ एवढ्याच कारणाने परत पाठवू नये. कायद्यास ते मान्य नाही.

उपचारांनी बहुतेक रोगी सुधारतात. मात्र बरे वाटताच औषध आपण होऊन बंद करणे धोक्याचे असते. देवऋषाकडे जाणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा गोळी चुकणार नाही, एवढे पाहणे अधिक उपयोगाचे. कामाची सुरुवातही अर्ध्या दिवसाच्या हलक्या कामाने व्हावी. वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलामागे घरातील आजारी आई किंवा वडील असू शकतात, ही गोष्ट शिक्षकांच्या लक्षात सर्वांआधी येते.

बेला परिसरातील रुग्णांना आदिलाबाद येथील राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात तपासणी करून घेता येईल. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर अहोरात्र सल्ला मिळतो.