संत कथबर्टच्या शवपेटींतील वस्तू : मूळच्या कोणत्या व मागाहूनच्या कोणत्या

इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम येथील कॅथीड्रलांत, लिंडिस्फार्नचा बिशप संत कथबर्ट याची शवपेटी व तींतून निघालेल्या बहुतेक वस्तू जतन केलेल्या आहेत. त्या साऱ्यांस सरसकट ‘कथबर्टच्या वस्तू’ म्हणण्याचा प्रघात आम्हांस सदोष वाटतो. एका पेटींत सांपडलेल्या वस्तू एकाच धन्याच्या असतात असें नाहीं. आणि ही पेटी तर वारंवार उघडली गेली आहे.

कथबर्ट इ. स. ६८७ च्या मार्चच्या २० तारखेस फार्न बेटावर वारला. ६९८ त मठवासीयांनीं त्याची कबर उघडली, तों देह अविकृत आढळला असें बीड आपल्या चरित्रग्रंथांत लिहितो. आमच्या प्रश्नास पुढील मजकूर अधिक उपयोगी आहे. देहावरील बाहेरचीं वस्त्रें काढून बिशप एडबर्ट याजकडे नेलीं व त्यांचे जागीं नवीं घातलीं. मूळच्या वस्तू काढणें व नव्या घालणें हा क्रम असा पहिल्याच वेळीं सुरू झाला. ओकच्या लाकडाची कोरीव पेटीही त्याच वेळची. तिजवरील नांवें कांहीं रोमन, कांहीं रूनिक अक्षरांत आहेत. सबब खुद्द पेटीसुद्धां कथबर्टनें हयातींत पाहिलेली नव्हे.

८७५ त नॉर्स लोकांच्या स्वाऱ्यांमुळें मठवासी ही पेटी घेऊन बेटावरून निघाले. ८८३ च्या सुमारास ते चेस्टर-ल-स्ट्रीट येथें स्थिरावले. ९९५ त पेटी डरहॅमास आली. मधल्या मुक्कामीं, ९३४ त, राजा अथेलस्टन दर्शनास आला व त्यानें बरेंच कांहीं अर्पण केलें. गळ्यांत घालावयाचा जो भरजरी पट्टा पेटींत निघाला तो याच दानांतला मानतात. त्याच्या टोकांवर भरतकामांतच लेख आहे कीं, एल्फ्लेड हिनें हा धर्मनिष्ठ बिशप फ्रिथेस्टन याजकरितां करविला. फ्रिथेस्टन ९०९ त विंचेस्टरचा बिशप झाला. वस्तूच आपला पहिला धनी सांगत असतां तर्कास जागा उरत नाहीं.

उलट, गार्नेट खडे जडविलेला सोन्याचा क्रूस पाहावा. १८२७ त जेम्स रेन याच्या समक्ष पेटी उघडली तेव्हां तो छातीजवळ वस्त्रांच्या आंत खोल सांपडला. ११०४ च्या तपासणीच्या वृत्तांतांत त्याचा उल्लेख नाहीं. घडण सातव्या शतकाची, आणि जुन्या दुरुस्तीच्या खुणा स्पष्ट. वापरून झिजलेली व पुढें कोणाच्या नजरेस न पडलेली ही वस्तू खुद्द बिशपच्या अंगावरची असावी, असें आमचें मत आहे. लहानशी प्रवासी वेदी मात्र दोन काळांची आहे: आंत संत पीटरच्या नांवाची ओकची फळी, वर मागाहून चढविलेला रुपेरी पत्रा.

संग्राहकांस खरी ओढ लागते ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या चिमुकल्या चर्मपत्री पोथीची. ती ११०४ त पेटींत मिळाली. लांबी सुमारें १३८ व रुंदी ९२ मिलिमीटर, पानें ९४. ती कथबर्टची स्वतःची, असा समज दीर्घकाळ होता. परंतु अक्षराचें वळण वेअरमथ-जॅरो या जोडमठांतलें असून, हल्लींचे तज्ज्ञ तिचें लेखन आठव्या शतकाच्या आरंभींचें मानतात. म्हणजे ती बिशपच्या मरणानंतरची ठरते. ती कोणी तरी भक्तिभावानें मागाहून आंत ठेविली असली पाहिजे.

धनी बदलला म्हणून पोथीचें महत्त्व तिळमात्र कमी होत नाहीं. मूळ बांधणीसह अभंग राहिलेलें युरोपांतील हें सर्वांत जुनें पुस्तक होय. लांकडी फळ्यांवर तांबडें बकऱ्याचें कातडें, त्यावर उठावाची वेल, आणि शिवण ईजिप्तच्या कॉप्टिक पद्धतीची. १७६९ त ती लिएजच्या जेझुइट विद्यालयास मिळाली, तेथून इंग्लंडांत स्टोनीहर्स्ट येथें आली, व २०१२ त ब्रिटिश लायब्ररीनें ९० लक्ष पौंडांस विकत घेतली. पेटी व क्रूस डरहॅमास, पोथी लंडनास, अशी आज वांटणी आहे.