घराशेजारचा हवापालट

हवापालट हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. तापांतून उठलेल्या माणसास वैद्य महाबळेश्वर किंवा माथेरान सुचवीत, आणि ज्यास तें परवडत नसे तो मामाच्या गांवीं जाई. दोहोंतहि एक गोष्ट गृहीत असे. ती ही कीं, माणूस घरापासून दूर जाई व तेथील हवा निराळी असे. परंतु राहत्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, त्याच हवेंत, त्याच समुद्राच्या कांठीं पैसे मोजून दोन रात्री राहावयास जाणें, हाहि एक हवापालट होऊं शकतो, हें आम्हांस २०२५ सालच्या वसंतांत अबू धाबी येथें प्रथम कळलें.

तिकडे या प्रकारास 'स्टेकेशन' म्हणतात. राहणें व सुटी या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची तोडजोड करून हा शब्द बनविला आहे. पाणिनीच्या दरबारीं त्याचा निभाव लागला असता असें वाटत नाहीं. आम्ही त्यास 'उपगृहविहार' असें नांव देऊन पाहिलें, पण घरांत तें कोणीं उचललें नाहीं.

आमचे चिरंजीव तेथें अभियंता आहेत, सूनबाई एका कचेरींत जमाखर्च पाहतात आणि नात बालवर्गांत जाते. आम्ही उभयतां दोन महिन्यांसाठीं त्यांच्याकडे गेलों होतों. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "नाना, एप्रिलमध्यें दोन रात्री सआदियात बेटावरच्या हॉटेलांत जाऊन राहावें म्हणतों. खोलीचे सव्वीसशें दिरहम होतील." दिरहमास त्या वेळीं सुमारें तेवीस रुपये पडत. त्रैराशिक मांडावयास आम्हांस कागद लागत नाहीं. साठ हजारांच्या घरांत गेलेला तो आंकडा आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होता. साहजिकच आमच्या तोंडून निघून गेलें, "यांत थोडी भर घातलीत तर तुम्ही सगळीं मे महिन्यांत घरीं येऊन जाल."

सूनबाई भांडीं आवरीत होत्या, त्या थांबल्या. आमच्यापुढें त्या सहसा उलट बोलत नाहींत. त्या शांतपणें म्हणाल्या, "नाना, राग मानूं नका. घरीं येणें म्हणजे सुटी नव्हे. मागल्या खेपेस बावीस दिवस आलों होतों. त्यांतले पांच बँकेंत व सरकारी कचेऱ्यांत गेले. एक लग्न, एक मुंज, दोन बारशीं. ज्यांच्याकडे जाणें झालें नाहीं ते अजून रुसलेले आहेत. बावीस दिवसांत एकहि दिवस मी सातच्या पुढें निजलें नाहीं. तुम्हां कोणाविरुद्ध माझी तक्रार नाहीं. पण परत आलें ती थकूनच आलें."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या माणसास उत्तर न सुचणें ही गोष्ट किती अवघड, हें ज्यांचें त्यांनाच ठाऊक.

रात्रीं सौ. म्हणाली, "ती बोलली तें खोटें नाहीं. आपल्या वेळीं बायका माहेरीं जात, तें आईच्या हातचें खाण्याकरितां थोडेंच जात? उशिरां उठलें तरी कोणी विचारीत नसे, म्हणून जात. हिची आई गेल्या वर्षीं गेली. हिचें माहेर आतां मिटलें." मग थोड्या वेळानें म्हणाली, "तुम्ही उगीच हिशेब काढलात."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही एक कोरी वही घेतली आणि या विहाराच्या तयारीचें काम आपण होऊन अंगावर घेतलें. त्या वहींतील कांहीं नोंदी वाचकांस उपयोगीं पडतील. कारण आतां पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी त्या बाजूस असतो.

अबू धाबी हें शहर स्वतःच एका बेटावर वसलेलें आहे, व सआदियात हें त्याच्या किनाऱ्यापासून अवघ्या ५०० मीटरांवरील दुसरें बेट. क्षेत्रफळ सुमारें २७ चौरस किलोमीटर. नांवाचा अर्थ सुखाचें बेट. आपल्याकडील 'सआदत' या विशेषनामांतील धातु तोच. २००९ सालीं शेख खलीफा पूल झाला आणि २०११ पासून तेथें मोठमोठीं हॉटेलें उघडूं लागलीं. जुन्या पिढीला हा किनारा अगदींच परका वाटूं नये. येथील मोतीं मुंबईच्या बाजारांत येत, आणि १९६६ पर्यंत अबू धाबींत व्यवहार रुपयांतच चाले. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटाच काढल्या होत्या. १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झालें, तेव्हां त्यांनीं आपला नाद सोडला. दिरहम आला तो १९७३ सालीं. आम्ही शाळेंत जाऊं लागलों त्या सुमारास तिकडचा दुकानदार रुपये मोजीत होता, आणि आज आम्ही तेथें बसून तेविसांनीं गुणीत होतों.

आतां काळ कोणता निवडावा? नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची, म्हणून त्या दिवसांत परदेशी पाहुण्यांची दाटी व दर चढे. जुलै-ऑगस्टांत दर उतरतात, परंतु पारा ४० च्या वर असतो, हवा दमट असते, व समुद्राचें पाणी न्हाणीघरांतल्यासारखें कोमट लागतें. उन्हाळ्यांत तेथील पोहण्याच्या तलावांचें पाणी यंत्रानें गार करावें लागतें, हें ऐकून आम्हांस प्रथम थट्टाच वाटली. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरी करून घेण्यास सरकारचीच बंदी आहे. यावरून काय तें समजावें. एप्रिल हा दोहोंमधला महिना. ईदच्या सुटींत दर गगनास भिडतात, ते दिवस टाळावे. आठवड्याच्या मधल्या वारीं दर बरेच खालीं असतात, व त्यांतहि रहिवाशांस ओळखपत्र दाखविल्यावर सूट मिळते. चिरंजीवांनीं मंगळवार-बुधवार सुचविला. पैसे वांचत होते हें खरें. परंतु त्यासाठीं नातीची शाळा दोन दिवस बुडणार होती. बालवर्ग असला म्हणून काय झालें! आम्ही साफ नाहीं म्हटलें. साठ हजारांसाठीं कुरकुरणारे आम्ही, शाळा बुडूं नये म्हणून आपणच शुक्रवारचा महाग दर कबूल करून बसलों, याची घरांत पुढें बरेच दिवस चेष्टा झाली. २०२२ पासून तिकडे शुक्रवारीं अर्धी सुटी व शनिवार-रविवार पुरी, अशी पद्धत आहे; तेव्हां शुक्रवारीं शाळा सुटल्यावर निघावयाचें ठरलें.

येथें एक हिशेब सांगून ठेवतों. खोली तीन वाजतां मिळते व बारा वाजतां रिकामी करावी लागते. म्हणजे शुक्रवार ते रविवार या 'दोन रात्री' म्हणजे ४५ तास होत. परंतु सामान दाराशीं ठेवून दुपारीं बारापासूनच किनारा व तलाव वापरूं देतात, आणि रविवारीं खोली सोडल्यावरहि संध्याकाळपर्यंत बसूं देतात. हें अगोदर विचारून घ्यावें. दरापुढें कधीं कधीं दोन बेरजेचीं चिन्हें छापलेलीं असतात, त्यांचा अर्थ सेवाशुल्क व सरकारी कर निराळे. २०१८ पासून मूल्यवर्धित कर शेंकडा ५ आहे, तो त्यांतच येतो. बेरजेच्या चिन्हास भिणें हें गणिताच्या शिक्षकास शोभत नाहीं. पण येथें भ्यावें.

जेवणाचा प्रश्न आमच्यासारख्यांस महत्त्वाचा. कांहीं हॉटेलें खाणें-पिणें सगळें धरून एकच दर घेतात. त्यांतील 'पिणें' ज्यांस वर्ज्य आहे त्यांनीं तो दर कां द्यावा? सकाळची न्याहारी तेवढी धरून खोली घेणें आम्हांस बरें वाटलें. ती न्याहारी म्हणजे दुपारच्या जेवणाची गरज न ठेवणारें प्रकरण असतें. शाकाहारी माणसानें अरबी पदार्थांकडे सरळ जावें: काबुली हरभरे वाटून त्यांत तिळाचें वाटण व लिंबू घातलेला हम्मस, वांगें भाजून केलेलें मुतब्बल (आपलें भरीतच तें, फक्त मिरची विसरलेलें), फलाफल, आणि चक्क्यासारखें लबने. भात व सार मात्र विचारल्याशिवाय घेऊं नये. भाजीच्या नांवाखालीं तो कोंबडीच्या पाण्यांत शिजविलेला असण्याचा संभव असतो.

एका गुरुवारीं सायंकाळीं चिरंजीव व आम्ही जागा पाहून आलों. आवारांत पाहुण्यांस इकडून तिकडे नेण्याकरितां विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या असतात. आमच्या गाडीवरचा तरुण आमचें बोलणें ऐकून एकदम मराठींत म्हणाला, "तुम्ही कुठले, काका?" तो श्रीवर्धनचा कोंकणी मुसलमान निघाला. आम्ही शिक्षक होतों हें कळतांच 'काका'चें 'गुरुजी' झालें. त्यानें जें सांगितलें तें कोणत्याहि जाहिरातींत सांपडलें नसतें. "समुद्राकडची खोली घेऊं नका, गुरुजी, बागेकडची घ्या. समुद्र तर खालीं उतरल्यावर सगळ्यांनाच दिसतो. आणि मुलांच्या तलावापासून लांबची मागा; तिथं दिवसभर वाजतं." त्यास घरीं जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. बहिणीचें लग्न करावयाचें होतें. आम्ही विचारलें, "रजेवर जातोस तेव्हां काय करतोस?" तो हंसला. "पहिले दोन दिवस झोपतो. तिसऱ्या दिवशीं अम्मी कामाची यादी वाचते."

त्यानेंच आम्हांस वाळूच्या टेंकड्यांवरून समुद्राकडे जाणारी लांकडी वाट दाखविली. या टेंकड्यांवर पाऊल ठेवूं देत नाहींत. ससाण्यासारखी चोंच असलेलें हॉक्सबिल जातीचें कासव या किनाऱ्यावर अंडीं घालतें. त्याच्या कवचाच्या फण्या व डब्या करण्याच्या हौसेनें जगभर त्याचा संहार झाला, आणि आज तें नामशेष होण्याच्या अगदीं कांठावर आहे. माद्या वसंताच्या सुमारास वर येतात व सुमारें दोन महिन्यांनीं पिलें बाहेर पडतात. पिलें उजेडाच्या रोखानें चालतात. पाण्यावरची चमक सोडून दिव्यांकडे वळलीं कीं तीं मेलींच. म्हणून हंगामांत किनाऱ्याकडील दिवे मंद ठेवतात व रात्रीं खुर्च्या उचलून ठेवतात. कोंकणांतील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांसाठीं गांवकरी जें घरच्या मायेनें करतात, तेंच येथें हॉटेलाचा पगारी माणूस करतो. कासवास फरक कळत नसावा.

समुद्र लहान मुलांस निर्धास्त आहे. आखाताची सरासरी खोली ३५ मीटरांच्या आसपास, व होर्मुझच्या अरुंद तोंडाखेरीज त्यास दुसरें दार नाहीं. त्यामुळें लाटा बेताच्या. ऊन फार व गोडें पाणी येऊन मिळणें थोडें, म्हणून खारटपणा मात्र आपल्या समुद्राहून अधिक. डोळ्यांत गेलें तर चांगलेंच झोंबतें. तलावांत सुती कपड्यांनीं उतरूं देत नाहींत, पोहण्याचाच पोशाख लागतो. ही गोष्ट आधीं न कळल्यामुळें ऐन वेळीं हॉटेलांतील दुकानांतून चौपट किमतीस घ्यावा लागतो.

इतकें झाल्यावर खरी अडचण पुढें आली. एका खोलींत दोन प्रौढ व एक मूल एवढेंच बसतें. आम्हां उभयतांसाठीं दुसरी खोली घ्यावी लागणार, म्हणजे खर्च दुप्पट. चिरंजीव तयार होते. सूनबाई तर म्हणाल्या, "तुम्हीं यायचेंच." सौ. नें त्यांस स्वयंपाकघरांत नेलें. आंत काय बोलणें झालें तें आम्हांस शब्दशः ठाऊक नाहीं. पण बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, "सासूसासऱ्यांना घेऊन विश्रांतीला जाणारी सून मीं अजून पाहिली नाहीं. आपण घरीं राहूं." सूनबाईंचे डोळे लाल दिसले. वहींतील दुसऱ्या खोलीची ओळ आम्ही खोडली. खरें सांगावयाचें तर थोडें वाईट वाटलें. इतकी आंखणी करून आपणच वगळलें जावें, हें कोणास आवडेल?

तोड नातीनें काढली. तिला एकटें राहावयाचें नव्हतें व आम्हांसहि तिच्यावांचून करमलें नसतें. तेव्हां असें ठरलें कीं, शुक्रवारीं तीं तिघें जातील. शनिवारीं सकाळीं आम्ही उभयतां टॅक्सीनें बेटावर जाऊन नातीस घेऊन संग्रहालयांत जाऊं, आणि संध्याकाळीं सगळ्यांनीं किनाऱ्यावर भेटावें. लूव्ह्र अबू धाबी हें २०१७ सालीं उघडलेलें संग्रहालय याच बेटावर आहे. अठरा वर्षांखालील मुलांस तेथें तिकीट पडत नाहीं, व तें सोमवारीं बंद असतें. दोन्ही नोंदी वहींत होत्याच.

ठरल्याप्रमाणें सर्व झालें. हॉटेलाच्या दाराशीं चिरंजीव एकटेच नातीस घेऊन आले. आम्ही कांहीं विचारलें नाहीं.

त्या संग्रहालयावर १८० मीटर व्यासाचा घुमट आहे. झां नूव्हेल या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञानें तो एकावर एक अशा आठ जाळीदार थरांचा केला आहे, व त्यांत ७८५० तारे बसविले आहेत. थरांतून गाळून आलेलें ऊन खालीं कवडशांच्या पावसासारखें पडतें, आणि सूर्य सरकेल तसे ते कवडसे जागा बदलतात. माडाच्या झांवळ्यांखालीं बसलेल्यास हें दृश्य नवीन नाहीं. परंतु लोखंडाकडून तें करवून घेतलें आहे. सौ. पायऱ्यांवर पाण्याकडे तोंड करून बसली. नात मान वर करून तारे मोजूं लागली.

मध्येंच तिनें विचारलें, "आजोबा, आई काय करते आहे?" आम्ही चिरंजीवांस दूरध्वनि केला. ते हळू आवाजांत म्हणाले, "निजली आहे. न्याहारीलासुद्धां उठली नाहीं. उठवूं का?"

घड्याळांत साडेअकरा वाजले होते. सौ. नें आमच्या हातांतून यंत्र घेतलें आणि म्हणाली, "मुळींच नको."

नात त्रेचाळीसपर्यंत आली होती. तेवढ्यांत ऊन सरकलें, तिची मोजणी चुकली, आणि तिनें पुन्हां एकापासून आरंभ केला.